सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

मुलांनो, पंजाबात लुधियाना नावाचे मोठे शहर आहे. तेथे बारीक सुया टोचून उपचार करणारे एक रुग्णालय आहे. या उपचाराला ॲक्युपंक्चर म्हणतात. हा उपचार मूळचा चीनचा. पण त्या रुग्णालयाला जे नाव दिले आहे ते चिनी नाही आणि पंजाबीही नाही. ते नाव एका मराठी माणसाचे आहे. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे ते नाव.

यात आणखी एक नवल आहे. डॉक्टर कोटणीस हे सुयांचे उपचार करणारे वैद्य नव्हतेच. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. उर्दूत अशा डॉक्टरांना आपण जर्राह म्हणतो. मग चिनी सुयांच्या रुग्णालयावर सोलापूरच्या जर्राहाचे नाव कसे आले? हे समजून घ्यायचे असेल तर आपल्याला त्यांच्याबरोबर सोलापूरहून निघून चीनच्या डोंगरांपर्यंत जावे लागेल. चला तर मग.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यम परिस्थितीचे होते आणि माणसे पुष्कळ होती. दोन भाऊ, पाच बहिणी, आई-वडील असा मोठा परिवार. सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमागांचे शहर. तेथील चादरी आजही घरोघर वापरल्या जातात. हे शहर स्वातंत्र्याच्या लढ्यातही मागे नव्हते. १९३० साली सोलापूरचे लोक इंग्रज सरकारविरुद्ध उठले, तेव्हा सरकारने तेथे लष्करी कायदा लावला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार जणांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही त्यांची नावे. अशा शहरात द्वारकानाथ लहानाचे मोठे झाले. परक्या सत्तेखाली राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईला आले. परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. केईएम रुग्णालय याच महाविद्यालयाला जोडलेले आहे. पदवी मिळाली. आता पुढची परीक्षा द्यावी, मोठे डॉक्टर व्हावे, घराला हातभार लावावा, असा सरळ रस्ता समोर दिसत होता.

पण त्याच सुमारास चीनमध्ये मोठे संकट उभे राहिले. १९३७ साली जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला. शहरांवर बॉम्ब पडू लागले. लाखो माणसे घरदार सोडून पळाली. जखमी सैनिक आणि गावकरी यांना तपासायला डॉक्टर नव्हते. चीनचे सेनापती चू-ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टर आणि औषधे मागितली. त्या वेळी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी १९३८ साली देशातील लोकांना मदतीचे आवाहन केले. आपला देश स्वतः गुलामगिरीत होता, गरीब होता. तरीही लोकांनी वर्गणी दिली. सुमारे २२ हजार रुपये जमले. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

पैसे जमले, आता माणसे हवी होती. पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉक्टर अटल हे पथकाचे प्रमुख. स्पेनमधील युद्धात जखमींची सेवा केल्याचा अनुभव त्यांना होता. नागपूरचे डॉक्टर चोळकर, कोलकात्याचे डॉक्टर देवेश मुखर्जी आणि डॉक्टर विजयकुमार बसू, आणि पाचवे सोलापूरचे डॉक्टर कोटणीस. कोटणीस यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. चीनविषयी त्यांना फारशी माहिती नव्हती. रस्त्यावर रेशमी कापड विकत फिरणारे चिनी फेरीवाले, एवढीच तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक लोकांची चीनशी ओळख होती. तरीही त्यांनी जायचे ठरवले. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून त्यांची बोट सुटली.

कँटन बंदरात उतरून हे पथक देशाच्या आत निघाले. जपानी विमाने वरून बॉम्ब टाकत होती. एक शहर सोडावे तोच ते शत्रूच्या हाती पडे. मजल दरमजल करीत, वाटेत जखमींची सेवा करीत, ते पुढे सरकत राहिले. याच दिवसांत डॉक्टर कोटणीस यांना वडील वारल्याची बातमी कळली. मुलांनो, विचार करा. परका मुलुख, अनोळखी भाषा, आणि घरून अशी बातमी. कोणीही म्हटले असते की आता परत जावे. पण ते परतले नाहीत.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोचले. येनान हा पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा मुलुख. तेथील लोक टेकडी पोखरून गुहेसारखी घरे करीत. रुग्णालयही अशाच गुहांमध्ये होते. तेथे कोटणीस काम करू लागले. प्रत्येक डॉक्टरला एक चिनी नावही मिळाले होते. कोटणीस यांचे नाव झाले को-ती-ह्वा. यातील ह्वा या शब्दाचा अर्थ चीन.

आता जरा थांबूया. ज्या देशात हे डॉक्टर गेले, तेथील जुने वैद्यक कसे होते ते पाहूया. कारण आपल्या कोड्याचे अर्धे उत्तर तेथेच आहे.

मुंबईच्या महाविद्यालयात कोटणीस यांनी शरीराची जी चित्रे अभ्यासली, त्यांत हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दाखवलेले असतात. शरीर उघडून पाहिल्यावर जे दिसते, ते तेथे काढलेले असते. जुन्या चिनी वैद्यांची चित्रे वेगळी होती. त्यांत एक उभा माणूस असतो. त्याच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत रेषा ओढलेल्या असतात. रेषांवर ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला नाव असते. या रेषा रक्ताच्या नाहीत. चिनी वैद्य असे मानत की शरीरात एक प्राणशक्ती फिरते. तिला ते ची म्हणत. या शब्दात श्वास, वाफ, जोम असे सारे अर्थ येतात. ही ची ज्या वाटांनी वाहते त्या वाटा म्हणजे या रेषा.

या वाटा त्यांना नद्यांसारख्या वाटत. एका प्राचीन चिनी ग्रंथात शरीरातील बारा मुख्य वाहिन्यांची तुलना त्या देशातील बारा जलप्रवाहांशी केली आहे. हाताच्या किंवा पायाच्या बोटाच्या टोकाशी जो बिंदू असतो त्याला ते विहीर म्हणत. तेथून वर येताना पुढचे बिंदू झरा, ओढा, नदी असे होत जातात, आणि कोपराशी किंवा गुडघ्याशी समुद्र येतो.

तुम्हांला हे समजायला अवघड जाऊ नये. आपली सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तेथे ती एक झरा असते. पोलादपूरला येईपर्यंत ओढ्यांचे पाणी घेऊन ती नदी होते. महाडजवळ तिला गांधारी आणि काळ या नद्या मिळतात. मग बाणकोटला ती समुद्राला मिळते. चिनी वैद्यांनी माणसाच्या हातापायांत अशाच नद्या पाहिल्या. नदीची वाट मोकळी असेल तर शेत पिकते, वाट तुंबली तर एकीकडे पूर आणि दुसरीकडे दुष्काळ. तसेच ची तुंबली की माणूस आजारी पडतो, आणि योग्य ठिपक्यावर सुई टोचली की वाट मोकळी होते, असा त्यांचा समज होता.

ही चित्रे एका दिवसात तयार झाली नाहीत. १९७३ साली चीनमध्ये मावांगत्वे या ठिकाणी एक जुनी कबर उकरली गेली. ती इसवी सनापूर्वी १६८ या वर्षी बंद केलेली होती. तिच्यात रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकाचे लेख मिळाले. त्यांत बारा नव्हे, अकराच वाहिन्या सांगितल्या आहेत, आणि सुया टोचण्याच्या ठिपक्यांचा उल्लेख नाही. म्हणजे आधी वाटा आल्या, ठिपके नंतर आले. पुढे शतकानुशतके वैद्य त्यांत भर घालत गेले. १३४१ साली ह्वा-शौ नावाच्या वैद्याने चौदा वाहिन्यांवर ग्रंथ लिहिला. बारा वाहिन्या शरीराच्या दोन्ही बाजूंना असतात, तर उरलेल्या दोन अगदी मध्यभागी, एक पाठीवरून आणि एक पोटावरून जाते. आज या चौदा वाहिन्यांवर ३६१ बिंदू मानले जातात. हृदयाच्या वाहिनीवर फक्त ९ बिंदू आहेत, तर डोळ्यापासून पाठीवरून पायाच्या करंगळीपर्यंत जाणाऱ्या मूत्राशयाच्या वाहिनीवर ६७ आहेत.

ठिपका नेमका कोठे आहे हे कसे ओळखायचे? त्यासाठी एक सोपे माप होते. आपल्याकडे सुतार आणि गवंडी पूर्वी अंगुळाने मोजत, तसे चिनी वैद्य रोग्याच्या अंगठ्याच्या रुंदीने मोजत. माप वैद्याच्या अंगठ्याचे नाही, रोग्याच्याच अंगठ्याचे. म्हणून लहान मूल असो की धिप्पाड पहिलवान, हिशेब चुकत नसे.

तरीही हाताने काढलेल्या चित्रांत नकल करताना चुका होत. एकाने ठिपका जरा सरकवला की पुढच्या शंभर नकलांत तो सरकलेलाच राही. ही अडचण दूर करण्यासाठी १०२७ साली चीनच्या बादशहाच्या हुकमावरून वांग वेई-यी या वैद्याच्या देखरेखीखाली माणसाएवढे दोन काशाचे पुतळे ओतण्यात आले. पुतळ्याच्या अंगावर सुयांच्या बिंदूंच्या जागी बारीक भोके होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण फासत, म्हणजे भोके दिसत नसत. आत पाणी भरत. विद्यार्थ्याने सुई बरोबर जागी टोचली की पाणी बाहेर येई. चुकली तर सुई मेणातच अडकून राही. अशा परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत डोकावून काहीच उपयोग नव्हता!

चिनी वैद्यकाची कीर्ती फारसी भाषेपर्यंतही पोचली होती. इराणातील तब्रीझ शहरी रशीदुद्दीन फजलुल्लाह नावाचे विद्वान वजीर होते. त्यांनी चिनी वैद्यकाचे फारसीत भाषांतर करवून घेतले. त्या ग्रंथाचे नाव तन्सूकनामा. १३१३ सालची त्याची हस्तलिखित प्रत आज इस्तंबूलच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. तिच्यात नाडीपरीक्षेची माहिती आणि शरीराची चिनी धर्तीची चित्रे आहेत. एका भाषेतील विद्या दुसऱ्या भाषेत नेणारी माणसे प्रत्येक काळात असतात, हे लक्षात ठेवा.

पुढे मात्र सुयांच्या उपचाराचे दिवस पालटले. १८२२ साली चीनच्या बादशहाने राजवैद्यांच्या विद्यालयातून हा विषय काढून टाकला. १९२९ साली तर जुने चिनी वैद्यक सारेच बंद करावे असा प्रस्ताव सरकारपुढे आला होता. वैद्यांनी विरोध केला म्हणून तो बारगळला. कोटणीस चीनला पोचले तेव्हा अशी स्थिती होती. नव्या पद्धतीचे डॉक्टर फार थोडे आणि तेही शहरांत, तर खेड्यातील गरिबाला आधार जुन्या वैद्याचाच.

आता पुन्हा डॉक्टर कोटणीस यांच्याकडे वळूया. मुखर्जी, चोळकर आणि अटल हे तिघे एकेक करून मायदेशी परतले. बसू आणि कोटणीस मागे राहिले. १९३९ च्या अखेरीस ते लढाईच्या आघाडीकडे निघाले होते. हा सारा प्रदेश डोंगराळ. थंडी अशी की पाण्याचे बर्फ व्हावे. कधी घोड्यावर, कधी पायी, बऱ्याचदा रात्रीच्या अंधारात शत्रूच्या ठाण्यांच्या मधून वाट काढावी लागे. १९४० साली मोठी लढाई झाली. जखमींची रांग संपेना. तेव्हा डॉक्टर कोटणीस यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले.

याच आघाडीवर त्यांच्या आधी कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, जखमेतून विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने रुग्णालय सुरू झाले. जानेवारी १९४१ मध्ये त्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून डॉक्टर कोटणीस यांची नेमणूक झाली. तेथे डॉक्टर आणि परिचारिका घडवणारी शाळाही होती. कोटणीस तेथे शिकवू लागले.

आणि मुलांनो, कोणत्या भाषेत शिकवू लागले? चिनी भाषेत! घरी मराठी बोलणारा, महाविद्यालयात इंग्रजी शिकलेला हा माणूस दोन-अडीच वर्षांत चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकला. चिनी लिपी किती कठीण आहे हे तुम्ही ऐकले असेल. तिच्यात मुळाक्षरे नसतात, हजारो चित्रासारखी चिन्हे पाठ करावी लागतात. दिवसभर काम करून उरलेल्या वेळात ते हा अभ्यास करीत. का बरे? दुभाष्या ठेवून काम भागले नसते का? भागले असते, पण अर्धेच. रात्री दोन वाजता कळवळणारा सैनिक दुभाष्या येईपर्यंत थांबू शकत नाही. म्हातारी आजी आपले दुखणे तिऱ्हाइतापुढे मोकळेपणाने सांगत नाही. वेदनेची भाषा डॉक्टरला स्वतःलाच यावी लागते. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले.

त्याच रुग्णालयाच्या शाळेत क्वो चिंगलान नावाच्या परिचारिका शिकवीत होत्या. दोघांची ओळख झाली आणि १९४१ च्या अखेरीस त्यांनी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. दोन देश एका लहानशा नावात मावले.

परंतु डॉक्टरांची प्रकृती ढासळत चालली होती. अपुरे अन्न, कडाक्याची थंडी आणि विश्रांती नाही. त्यांना फिट येऊ लागल्या. उर्दूत या आजाराला मिर्गी म्हणतात. त्यांनी आघाडी सोडून सुरक्षित ठिकाणी उपचार घ्यावेत असे सहकारी विनवत होते. ते ऐकेनात. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच फिट येऊन त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग टेबलावर अपुराच राहिला. आजूबाजूच्या खेड्यांतील गरीब शेतकरी त्यांच्या अंत्यदर्शनाला आले. आज त्यांची समाधी उत्तर चीनमधील शिच्याच्वांग शहराच्या हुतात्मा उद्यानात आहे.

त्यांचे मित्र डॉक्टर बसू १९४३ साली भारतात परतले. पाच गेले होते, चार आले. प्रसिद्ध लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिले. अब्बास हे उर्दूचे थोर कवी मौलाना हाली यांच्या घराण्यातील. त्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली डॉक्टर कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीस यांची भूमिका केली. असे हे घडले: डॉक्टर सोलापूरचे, लेखक पानिपतचे, चित्रपट मुंबईचा आणि गोष्ट चीनच्या डोंगरांतली.

आता आपले कोडे सोडवूया. बेथून यांचे नाव येनानच्या रुग्णालयालाही दिलेले होते. तेथे १९४५ साली सुयांच्या उपचाराचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. औषधे मिळत नव्हती, सुया मिळत होत्या. त्यामुळे नव्या पद्धतीचे डॉक्टर जुन्या वैद्यांकडून ती विद्या शिकू लागले. कोटणीस हे पाहायला राहिले नव्हते. पण डॉक्टर बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि १९५९ साली त्यांनी ती कोलकात्यात आणली. भारतात ॲक्युपंक्चर रुजले ते त्यांच्यामुळे. बसूंनी आणि त्यांच्या शिष्यांनी आपल्या गेलेल्या मित्राचे नाव या कामाला जोडले. म्हणून सुयांच्या रुग्णालयावर सोलापूरच्या जर्राहाचे नाव आहे. नाव कोटणीसांचे, विद्या बसूंनी आणलेली आणि मैत्री दोघांची.

पुढे १९९६ साली पश्चिम बंगालने आणि नंतर महाराष्ट्रानेही या उपचारासाठी कायदा केला. शास्त्रज्ञांनी शरीर पुष्कळ तपासले, तरी चित्रातल्या रेषांसारख्या वाहिन्या शरीरात सापडलेल्या नाहीत. सुईचा परिणाम मज्जातंतूंमार्फत होत असावा, असे अनेक जण मानतात. काही प्रकारच्या दुखण्यांत आणि मळमळीत या उपचाराने आराम पडल्याचे अभ्यासांत दिसले आहे. सगळ्या रोगांवर मात्र हा उपाय नाही. साप चावला, विंचू डसला, हाड मोडले, तर सरळ रुग्णालयच गाठले पाहिजे. विंचवाच्या दंशाने आपल्या भागात पूर्वी कितीतरी मुले दगावत. महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून, नोंदी ठेवून त्यावर औषध शोधले आणि ते जगाला सांगितले. जुनी विद्या असो की नवी, ती तपासून घ्यावी, हा धडा दोन्हीकडून मिळतो.

मुलांनो, शेवटी आपल्याच तालुक्यातील एक गोष्ट आठवूया. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावच्या कोंढाळकर वाडीवर डोंगराची दरड कोसळली. कित्येक दिवस धो धो पाऊस पडत होता. डोंगराच्या पोटात मुरलेले पाणी माती घेऊन खाली आले. ऐंशीहून अधिक माणसे गेली. सावित्रीला पूर आला होता, रस्ते बंद होते, त्यामुळे बाहेरची मदत लगेच पोचू शकली नाही. अशा वेळी जो आधी पोचतो, जखमीचा हात धरतो आणि त्याचे बोलणे समजतो, तोच पहिला आधार असतो. मग तो शेजारी असो, परिचारिका असो की दुरून आलेला अनोळखी जवान असो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दू शिकतात आणि बाजारात, एस.टी.त, दवाखान्यात मराठी लागते. कधीकधी तुम्हांला वाटत असेल, ही आणखी एक भाषा कशाला? डॉक्टर कोटणीस यांना विचारता आले असते तर त्यांनी आपल्या कामातून उत्तर दिले असते. माणसाचे दुःख ज्या भाषेत असेल, ती भाषा शिकावी. उद्या तुमच्यातील कोणी मुलगी परिचारिका होईल, कोणी मुलगा डॉक्टर होईल. तळीयेसारख्या एखाद्या वाडीतील आजी तिला कोठे दुखते ते मराठीत सांगेल. तेव्हा तिचे म्हणणे तुम्हांला नीट समजले पाहिजे आणि तुमचे उत्तर तिला कळले पाहिजे. सोलापूरचा एक तरुण चीनच्या डोंगरात जाऊन एवढे करू शकला. आपल्याला तर फक्त सावित्रीच्या काठावरच राहायचे आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टर कोटणीस यांचा जन्म कोठे झाला?
(आ) भारतातून चीनला किती डॉक्टर गेले?
(इ) यिनह्वा या नावाचा अर्थ काय?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) काशाच्या पुतळ्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा कशी घेत?
(आ) डॉक्टर कोटणीस चिनी भाषा का शिकले?
(इ) ॲक्युपंक्चरच्या रुग्णालयाला कोटणीस यांचे नाव का दिले आहे?

३. विचार करा व वर्गात बोला.
तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे दुखणे डॉक्टरांना मराठीत सांगायचे आहे. तुम्ही ते कसे सांगाल?